आणे घाट ते मायोर्का: सायकल ट्रेनिंग ट्रिपची बॅग

गेल्या महिन्याभरात सगळ्यात जास्त मेसेज एकाच प्रश्नाचे आलेत. "दादा, सायकलिंगच्या ट्रेनिंगसाठी बाहेर चाललोय, बॅगेत काय काय घेऊ?" त्यातला एक मेसेज आमच्या आणे पठारावरच्याच एका पोराचा होता. पहिला पासपोर्ट, दीड वर्षाची बचत, एप्रिलमध्ये सहा दिवस मायोर्का. सोबत स्क्रीनशॉट होता: नवीन शूज, नवीन सॅडल, नवीन बिब शॉर्ट्स, सगळं कार्टमध्ये. त्याला मी एवढंच लिहिलं, की शूज आजच मागव नाहीतर मागवूच नकोस, आणि जे माळशेजला वापरून झालं नाही ते विमानात चढवू नकोस. आपण सॉफ्टवेअरवाले शुक्रवारी संध्याकाळी नवीन कोड लाइव्ह टाकत नाही, तसंच हे.

आता माळशेजच का, ते सांगतो. मायोर्का म्हणजे स्पेनचं भूमध्य समुद्रातलं बेट. युरोपात थंडी पडली की व्यावसायिक संघ तिकडे सरावाला जातात, कारण हवा सौम्य आणि डोंगर भरपूर. तिथला सगळ्यात गाजलेला रस्ता सा कालोब्रा. १९३२ मध्ये अंतोनियो पारिएत्ती या अभियंत्यानं तो आखला. एका ठिकाणी तर रस्ता गाठ मारल्यासारखा स्वतःच्याच खालून जातो. साधारण साडेनऊ किलोमीटर, सरासरी चढ सात टक्के. पण खरी गोम वेगळीच आहे. तो रस्ता खाली समुद्राशी संपतो. म्हणजे आधी उतरायचं आणि मग त्याच रस्त्यानं वर यायचं. पाय गेले म्हणून मध्येच दुसऱ्या वाटेनं घरी, असं नाही.

आणि आपल्या बाजूनं माळशेज अगदी तसाच आहे! आण्याहून निघा, आणे घाट उतरा, गुळुंचवाडीचा तो नैसर्गिक दगडी पूल, आळेफाटा, ओतूर, मढ. साठेक किलोमीटरवर घाटमाथा. तिथून खाली सावर्ण्यापर्यंत उतरायचं, चहा घ्यायचा आणि परत वर. रंगीत तालीम याहून चांगली कुठे मिळणार? फक्त पावसाळ्यात नको. दरडी, धुकं आणि वीकेंडची गर्दी, यात सराव होत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ घ्या. आणे घाट एकटा पुरत नाही, तो फार लवकर संपतो.

थोडं गणित करू. पुढे ३४ दातांची आणि मागे २८ दातांची चकती असेल, तर पेडलच्या एका फेरीत सायकल अडीच मीटर जाते. मिनिटाला ७० फेऱ्या ठेवायच्या तर वेग ताशी पावणेअकरा किलोमीटर हवा. सायकल धरून ८० किलो वजन आणि सात टक्के चढ, म्हणजे सुमारे १७५ वॉट, जवळपास तासभर. मागची मोठी चकती ३२ ची केली तर वेग साडेनऊच्या आत येतो आणि तेच काम १५५ च्या आसपास होतं. वीस वॉट ऐकायला किरकोळ वाटतात. चौथ्या दिवशी वाटत नाहीत. सायकल भाड्यानं घेणार असाल तर बुकिंग करताना टायरची कंपनी विचारत बसू नका, मागे ३२ किंवा ३४ आहे का ते विचारा.

भाड्याची की स्वतःची? पहिल्यांदा आणि आठवड्याभरासाठी चाललात तर भाड्याची, माझं मत पक्कं आहे. स्वतःची न्यायची म्हणजे पेडल काढा (डावं उलट्या आट्यांचं असतं हे लक्षात ठेवा), हँडल वळवा, मागचा डिरेल्युअर सोडवा, फोर्कमध्ये आधार घाला, मग तो खोका गावाहून मुंबई विमानतळावर. एसटीत तो मावत नाही, जीपच्या टपावर बांधलेला बघवत नाही. तिकडे पोचल्यावर हँगर वाकलेला निघाला तर तो तुमच्याच फ्रेमचा लागतो, कुठल्याही दुकानात मिळत नाही. नेणारच असाल तर एक जादा हँगर घ्या, आणि सीटपोस्टच्या उंचीवर चिकटपट्टीची खूण करा.

भाड्याच्या सायकलसाठी घरून न्यायचं ते असं: आपली पेडल, आपले शूज, आपलं सॅडल, आणि कागदावर दोन मापं. क्रँकच्या मध्यापासून सॅडलच्या वरपर्यंतचं, आणि सॅडलच्या टोकापासून हँडलपर्यंतचं. ही दोन मापं आणि ओळखीचं सॅडल असलं की परकी सायकल पहिल्याच दिवशी निम्मी आपली होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे कुठल्याच पॅकिंग लिस्टमध्ये मला दिसत नाही. ब्रेक. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. युरोपात बहुधा डाव्या हाताला. उतारावर वळण अंगावर आलं, हात सवयीनं डावीकडचा ब्रेक जोरात दाबणार, मागचा समजून. दाबला जाणार पुढचा. सा कालोब्राच्या उतारावर याचा अर्थ काय होतो, ते सांगायला नको. ब्रिटनमध्येही आपल्यासारखीच पद्धत आहे, त्यामुळे ब्रेक बदलून द्या ही मागणी काही जगावेगळी नाही. बुकिंगच्या ईमेलमध्येच लिहा. तरी ताब्यात घेताना चाक उचलून, फिरवून, एकेक ब्रेक दाबून बघायचाच.

जोडीला उजव्या बाजूची वाहतूक. गर्दीत चूक होत नाही, समोरच्याच्या मागे जातो आपण. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर, फोटोला थांबून पुन्हा निघताना. मी हँडलवर लाल चिकटपट्टीचा उजवीकडे बाण लावला होता. सोबतचे हसले, तिसऱ्या दिवशी दोघांनी पट्टी मागून घेतली. चौकात आधी डावीकडे बघायचं. शहराबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे. गाड्यांनी सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचं असा तिथला कायदा आहे. आळेफाट्याला कांद्याच्या ट्रकशेजारून जाणाऱ्या माणसाला याचं अप्रूप वाटतंच.

कपड्यांचं. आपल्याला ऊन कळतं, उतारावरची थंडी कळत नाही. एप्रिलमध्ये तिकडे पहाटे तापमान दहाच्या खालीही जातं. चढताना घामानं भिजलेलं अंग ताशी ४५ च्या वाऱ्यात उतरलं की बोटं आखडतात, आणि आखडलेल्या बोटांनी ब्रेक लागत नाही. म्हणून पूर्ण बोटांचे हातमोजे, हातांवर चढवायच्या सुट्या बाह्या आणि खिशात मावणारं बिनबाह्यांचं विंडचीटर. चाचणी कुठे घ्यायची? डिसेंबरात पहाटे साडेपाचला आणे पठारावर. तिथे जे चाललं ते तिकडे चालेल. बिब शॉर्ट्स तीन पुरे, रोज रात्री धुवायच्या. आठवडा वाया जातो तो पायांमुळे कमी आणि बसायच्या जागेच्या फोडांमुळे जास्त, म्हणून तिथे कंजुषी नको.

विमानाचे नियम. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या फक्त केबिन बॅगेत. २०,००० एमएएचची म्हणजे ७४ वॉट-तास, १०० च्या मर्यादेत बसते. अवजारं चेक-इनमध्ये. हवेच्या गॅस कार्ट्रिजच्या भानगडीत पडू नका, हातपंप न्या. आणि आईला आधीच सांगून ठेवा: सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत घालू नको. सुकं खोबरं पेट घेऊ शकतं म्हणून विमान कंपन्या ते नेऊ देत नाहीत. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात उतरताना चालत नाहीत, म्हणजे पेढे घरीच खा. शेंगदाण्याची चिक्की, खजूर आणि ओआरएसची बंद पाकिटं न्या. पांढरी पावडर सुट्या पिशवीत भरून कस्टमसमोर उभं राहण्यात काही मजा नाही.

कागद. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो. पण व्हिसापुरता विमा आणि सायकलवरून पडल्यावर पैसे देणारा विमा या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. पॉलिसीतलं 'यात समाविष्ट नाही' हे पान पूर्ण वाचा. आपल्या पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं २०१८ मध्ये सायकलवरून सुमारे २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा केली, तिला याच स्पेनमध्ये चाकूच्या धाकानं लुटलं होतं. म्हणून पासपोर्टची प्रत आणि थोडे पैसे वेगळ्या जागी. आणीबाणीचा नंबर तिकडेही ११२ च आहे.

शरीराची तयारी म्हणाल, तर रविवारी एकदा शंभर किलोमीटर मारणं ही या ट्रिपची तयारी नाही. सलग दिवस हवेत. जाण्याच्या सहा आठवडे आधी एक लाँग वीकेंड पकडा आणि तीन दिवस ओळीनं चालवा: पहिल्या दिवशी माळशेज, दुसऱ्या दिवशी सपाट, तिसऱ्या दिवशी पुन्हा माळशेज, तेच शूज, तेच सॅडल, खिशात तेच खाणं. शेवटच्या आठवड्यात मात्र निम्मं करा. आण्याच्या यात्रेतली आमटी-भाकरी पोटभर खाल्लीत तरी चालेल.

तो पठारावरचा पोरगा गेल्या रविवारी सावर्ण्यातून वर आला. फोटो पाठवलाय, शूज जुनेच आहेत. पुढच्या भागात व्हिसाची फाइल घेऊ, त्याचीच घेऊन बसणार आहे. भेटू.