अब्बा काय म्हणाले?
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



'डायरेक्टचे इनडायरेक्ट करा' हा इंग्रजीचा प्रश्न दिसला की आपली मुले बिचकतात. अनेक वर्षे मी हा भाग तक्ता पाठ करून घेऊन शिकवला. 'इज'चे 'वॉज', 'विल'चे 'वुड', 'कॅन'चे 'कुड'. तक्ता तोंडपाठ, पण वाक्य चुकलेले! मी मुलांना निष्काळजी म्हणत असे. खरे तर चूक माझ्या शिकवण्यात होती.

घरी अब्बा म्हणतात, "मी थकलो आहे." मुलगा अम्मीला सांगतो, "अब्बा म्हणाले, की मी थकलो आहे." मराठीत काय, उर्दूत काय, बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे चालतात. इंग्रजीत मात्र निरोप्या स्वतःच्या जागेवरून बोलतो: 'अब्बा सेड दॅट ही वॉज टायर्ड.' सांगणारा बदलला म्हणून 'आय'चा 'ही' झाला. म्हणणे मागे पडले म्हणून 'ॲम'चा 'वॉज' झाला. आपला मुलगा 'अब्बा सेड दॅट आय ॲम टायर्ड' लिहितो तेव्हा तो ढ नसतो. इंग्रजी शब्दांत तो आपलीच भाषा बोलत असतो. वाचणाऱ्याला मात्र वाटते, मुलगाच थकला आहे!

क्रिया आधीच भूतकाळात असेल तर ती आणखी एक पायरी मागे जाते: 'केम'चे 'हॅड कम'. 'टुमारो'चे 'द नेक्स्ट डे' होते. पण 'सेड'ऐवजी 'सेज' असेल तर काळ बदलत नाही.

एकदा एका मुलीने विचारले, "सर, पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे तुम्ही काल सांगितलेत, म्हणून ती आज थांबली का?" त्या दिवशी वर्गाला नियम पाठ करावा लागला नाही. कायमचे सत्य वर्तमानकाळातच ठेवतात, हे सर्वांना उमगले.

पालकहो, आपल्याला इंग्रजी येत नसेल तरी हरकत नाही. रात्री मुलाला विचारा, "आज शाळेत कोण काय म्हणाले?" त्याने घरच्या भाषेत सांगावे आणि तेच वहीत इंग्रजीत लिहावे. लिहिताना स्वतःला दोनच प्रश्न विचारावेत: कोण सांगतो आहे? केव्हाचे सांगतो आहे?

आणि चुकला तर त्याला हसू नका. हसण्याच्या धास्तीने गप्प झालेल्या मुलाला कोणताही तक्ता बोलके करू शकत नाही.