संगीतश्रवण, स्थूलता आणि हृदयाचा ताल



हृदय घड्याळाप्रमाणे समान अंतराने ठोके देते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः निरोगी हृदयाच्या दोन ठोक्यांतील अंतर क्षणोक्षणी किंचित बदलत असते. श्वास घेताना गती वाढते, सोडताना मंदावते. ही लवचिकता मुख्यत्वे व्हेगस या मज्जातंतूची देणगी होय. शरीरात, विशेषतः पोटाभोवती मेद साचला की त्याचा प्रभाव उणावतो. विश्रांतीतही नाडी जलद चालते आणि ठोक्यांतील लवचिकता घटते. भारतीयांच्या बाबतीत बीएमआय २३ झाला की वजन अधिक समजावे, असे येथील तज्ज्ञांनी २००९ साली ठरविले. स्वतःला केवळ 'अंगाने भरलेले' समजणारे पुष्कळजण या गणनेत येतात.

मग संगीत काय साधते? इटलीतील पाविया येथील लुचानो बर्नार्दी व सहकाऱ्यांनी २००६ साली २४ जणांना सहा प्रकारचे संगीत ऐकविले. त्यांत भारतीय रागही होता. द्रुत लयीने श्वसन, रक्तदाब व नाडी वाढली. संगीताचा प्रकार वा श्रोत्याची आवड यांपेक्षा लयच निर्णायक ठरली. मध्येच २ मिनिटांची निःशब्दता ठेवली असता नाडी व रक्तदाब मूळ पातळीच्याही खाली उतरले. विलंबित आलापानंतर सभागृहात पसरणारी शांतता ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना याचे नवल वाटू नये.

तथापि हे श्रोते तरुण व निरोगी होते. ज्याचा व्हेगसचा प्रभावच क्षीण झाला आहे, अशा स्थूल व्यक्तीला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावणे उचित नव्हे. शिवाय श्रवणाचा परिणाम अल्पकाळच टिकतो, त्याने मेद झडत नाही. स्थूलतेमुळे हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात व एट्रियल फिब्रिलेशन हा तालबिघाड संभवतो. त्यातून रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होऊ शकतो. छातीत धडधड होत असता, नाडी अनियमित लागत असता, भजनाची ध्वनिफीत लावून पडून राहणे घातक आहे. ईसीजी त्वरित काढावा. ऑस्ट्रेलियातील अॅडलेड येथे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या रुग्णांनी वजन १० टक्के वा अधिक घटवून तसेच राखले, त्यांची या विकारापासून मुक्त राहण्याची शक्यता सुमारे सहापट आढळली.

बसून ऐकताना नाडी वाढविणारी द्रुत लय चालताना मात्र उपकारक ठरते: पावले तालात पडतात, श्रम कमी भासतात आणि फेरी लांबते.