रस्त्यात गाडी थांबली तर



यात्रेला निघताना आपण दशम्या घेतो, पाणी घेतो, देवाला नारळ घेतो. पण गाडी वाटेत बंद पडली तर काय करायचे, याचा विचार कोणी करीत नाही. आज त्याविषयी चार गोष्टी सांगतो.

पुष्कळांना वाटते, धोका धावत्या गाडीला; गाडी थांबली की भीती संपली. हे खरे नाही. कसे ते हिशेबाने पाहू.

मागून एक ट्रक ताशी 60 किलोमीटर वेगाने येत आहे. म्हणजे एका मिनिटात तो 1000 मीटर जातो. 1000 ला 60 ने भागा. एका सेकंदाला सुमारे 17 मीटर झाले. आपली गाडी उभी आहे हे ड्रायव्हरच्या ध्यानात येऊन त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद तरी जातो. तेवढ्यात ट्रक 17 मीटर पुढे आला! ब्रेक लागल्यावरही तो जागच्या जागी थांबत नाही. माल भरलेला असेल, रस्ता ओला असेल, तर आणखी लांब जातो. रात्री तर लाल दिवा दिसला तरी गाडी चालती आहे की उभी, हे लवकर कळत नाही.

आता समजा, आपली जीप पंढरपूरहून निघाली, टेंभुर्णीला सोलापूर-पुणे हमरस्त्याला लागली आणि रात्री चाक पंक्चर झाले. आपण काय करतो? बायकामुले आत झोपलेली राहतात. गडीमाणसे गाडीमागे घोळका करून चाकाकडे बघत बसतात. असे मुळीच करू नका.

गाडी हळूहळू पुढे नेऊन पेट्रोल पंप किंवा ढाबा गाठता आला तर गाठा. टायर फाटला तर नवा मिळेल, माणूस नाही मिळत. तेही जमत नसेल तर गाडी डावीकडे साइडपट्टीच्या अगदी कडेला घ्या. लुकलुकणारे दिवे लावा. सर्वांना डाव्या दारानेच उतरवा. पोरांचे हात धरा. रस्त्याकडेचा लोखंडी कठडा ओलांडून, रस्त्यापासून लांब उभे राहा. अंधारात पायाखाली बॅटरी मारा. खड्डा असतो, जनावरही असते. गाडीच्या मागे थांबू नका, पुढेही नको. मागून धडक बसली तर गाडी पुढेच ढकलली जाते, बरं का!

एकाने लाल चमकता त्रिकोण पुढे धरून, कडेकडेने पन्नास-साठ पावले मागे जाऊन ठेवावा. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे ठेवावा. दगड मांडू नयेत. स्टेपनी लावून आपण निघून जातो, दगड तिथेच राहतात. त्यावर मोटारसायकलवाला आदळतो. तोही कुणाचा तरी लेक असतो.

भाकरी खायला किंवा लघवीला थांबायचे तर पंपावर किंवा ढाब्यावर थांबा. गाडीच्या सावलीत पंगत मांडू नका. त्यासाठी रस्ता ओलांडून पलीकडे जाऊ नका.

मदत हवी असेल तर 112 ला फोन लावा. कोणी जखमी असेल तर 108 ला. राष्ट्रीय महामार्गावर 1033 हाही आकडा आहे. फोनवर पहिला प्रश्न येतो, "तुम्ही कुठे आहात?" "रस्त्यावर" असे सांगून गाडी येणार कशी? कडेला किलोमीटरचा दगड असतो. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा, राज्य महामार्गाच्या दगडाचा हिरवा. त्यावर गावाचे नाव आणि आकडा असतो. तो वाचून सांगा. आता तुम्हाला वाचता येते ना? मग दुसऱ्या कुणाची वाट कशाला पाहायची?

तेव्हा घरी गेल्यावर एक काम करा. 112, 108 आणि 1033 हे तीन आकडे स्वतःच्या हाताने कागदावर लिहा. खाली लिहा: "आधी माणसे लांब, मग चाक." तो कागद प्रवासाच्या पिशवीत ठेवा. पुढच्या यात्रेला निघताना गाडीतल्या सर्वांना मोठ्याने वाचून दाखवा.