डॉल्बीला लाख, ढोलकीला नारळ

(जयसिंगपूर इथं जयंतीच्या तयारीसाठी जमलेल्या तरुण कार्यकर्त्यांपुढं केलेलं भाषण)



मला विषय दिलाय, महामारीनंतरची रंगभूमी. विषय भारदस्त आहे. पण रंगभूमी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं लाल मखमलीचा पडदा येत नाही. समाजमंदिरापुढचा कट्टा येतो, खांबावरनं आकडा टाकून घेतलेला बल्ब येतो आणि पुढं सतरंजीवर नाक ओढत बसलेली पोरं येतात. मी त्या रंगभूमीवर बोलणार. दुसरीवर बोलायला पेपरात कॉलम राखून ठेवलेली माणसं आहेत.

आधी तारखा सांगतो, कारण त्या कुणी जोडून बघितलेल्या नाहीत. २५ मार्च २०२०, देश बंद झाला तो पहिला दिवस. त्या दिवशी गुढीपाडवा होता. पाडवा म्हणजे तमाशाच्या सुपाऱ्यांचा दिवस. नारायणगावात फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावची पंच मंडळी येतात, चैत्र-वैशाखाच्या जत्रा ठरतात. फडमालकाचं कर्ज, कलावंतानं घेतलेली उचल, सगळं त्या दोन महिन्यांवर फिटतं. नेमकं तिथंच कुलूप पडलं. पुढचा पाडवा १३ एप्रिल २०२१. त्याच रात्री मुख्यमंत्र्यांनी पुन्हा संचारबंदी जाहीर केली आणि ती लागू झाली दुसऱ्या दिवशी रात्री ८ वाजता. दुसरा दिवस कुठला? १४ एप्रिल! आमच्यासारखं कलापथक वर्षाचे कार्यक्रम करतं ते त्याच आठवड्यात. शेवटी निर्बंध उठले २ एप्रिल २०२२ ला. तो पण पाडवाच. तीन पाडव्यांत दोन वर्षं गेली, आणि दोन वर्षांत माणसं गेली.

यात कुणाचा कट होता असं मी म्हणत नाही. रोग खरा होता. तमाशातल्या कांताबाई सातारकर २५ मे २०२१ ला त्यातच गेल्या. बंद करणं भाग होतं. माझं भांडण उघडण्याशी आहे.

५ नोव्हेंबर २०२० ला नाट्यगृहं उघडली, ५० टक्के खुर्च्यांवर. मग परत बंद. २२ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली, परत ५० टक्के. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला ५० टक्के दिले ते नोकऱ्यांत. आपल्याला या वेळी मिळाले ते खुर्च्यांत, आणि खुर्च्या आपल्याकडं होत्याच कुठं? खुर्ची असली तर एक सोडून एक बसवता येतं. सतरंजी निम्मी कशी करायची? जत्रेचं मैदान निम्मं कसं करायचं? ज्याला भिंती आहेत तेवढंच नाटक सरकारला दिसलं. ऑगस्ट २०२१ मध्ये मंत्रिमंडळानं ५६ हजार कलाकारांना प्रत्येकी ५ हजार रुपये एकदाच द्यायचं ठरवलं. मार्च २०२० पासून ऑगस्ट २०२१ पर्यंत महिने मोजा. सतरा. दिवसाला दहा रुपये पण पडत नाहीत. चहा-बिस्किटात विषय संपला.

आता आमचं सांगतो. आम्ही अकरा जण होतो. ढोलकीवाला इचलकरंजीला मागावर गेला. पेटीवाल्यानं भाजीचा गाडा लावला. आमची गाणारी आक्का कोविड सेंटरात झाडलोटीला लागली. भिंतीवर 'सामाजिक अंतर पाळा' असं रंगवलं होतं ते वाचून म्हणाली, "हे आपल्याला शिकवायला लागतंय व्हय?" १ ऑगस्ट २०२० ला अण्णाभाऊ साठ्यांची जन्मशताब्दी. ज्या माणसानं लाल बावटा कलापथकातून गिरणगाव हलवलं, त्याची शताब्दी आम्ही मोबाईलवर केली. ढोलकी इचलकरंजीत, पेटी इथं, मध्ये नेटवर्क. तोडा तिकडं संपायचा तेव्हा इकडं सुरू व्हायचा. त्यात जुलै २०२१ ला शिरोळ तालुक्यात पूर. २०१९ च्या पुरात वाचलेली पेटी या पुरात फुगली. तिच्या काही पट्ट्या अजून दाबल्या की वर येत नाहीत.

तरी १४ एप्रिल २०२२ ला आम्ही उभे राहिलो. अकरातले सात. तालमीला आक्काचा दम पुरत नव्हता, म्हणून तिच्या कडव्यात मध्येच संवाद घातले. ढोलकीवाला पाळी बुडवून आला. हाताला मागाचं तेल, आणि शाईवर थाप पडेना. एका वस्तीत, नाव सांगत नाही, आपलीच माणसं आहेत, सातचा कार्यक्रम ठरला होता. सातला डॉल्बी सुरू झाली. छातीची हाडं हलत होती. आम्ही तोंडाला रंग लावून कट्ट्यामागं बसलो. आठ वाजले, नऊ वाजले. आमचा रंग घामानं गळ्यापर्यंत आला. साडेनऊला कमिटीतला एक पोरगा आला, "दादा, दहाला पोलीस बंद करत्यात, दहा मिनिटांत उरका." दीड तासाचा वग दहा मिनिटांत! सांगा कुणाला मारू आणि कुणाला जिवंत ठेवू? उरकला. मग सत्कार. शाल आणि नारळ. मराठीत नारळ दिला म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. डॉल्बीवाल्याचा हिशेब लाखाच्या घरात होता, तो आधीच चुकता झाला होता. ढोलकीवाला मला म्हणाला, "दादा, पाळी बुडली. आता ह्यो फोडून घरात वाटू का?" पुढच्या वर्षी तो आला नाही. मीही बोलावलं नाही. बोलवायला तोंड नव्हतं.

लॉकडाऊननं आम्हाला मारलं नाही. बंद होतं तवर आम्ही कलापथक होतो, उघडल्यावर आम्ही डॉल्बीच्या मधली विश्रांती झालो. हे मी सरकारला ऐकवत नाही, तुम्हाला ऐकवतोय.

इथं कुणीतरी उठून म्हणणार, चळवळीचं गाणं विकायचं का? बाबासाहेबांनी पठ्ठे बापूरावांच्या तमाशाचा पैसा नाकारला होता. हो, नाकारला. आपल्या बाईला नाचवून, तिची विटंबना करून आलेला पैसा त्यांना नको होता. त्याचा अर्थ कलावंतानं उपाशी नाचावं असा कुणी काढला? भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव फिरले ते लोकांच्या भाकरीवर फिरले, आणि ती भाकरी वस्तीनं दिली. अण्णाभाऊंच्या हलाखीवर आपण दरवर्षी डोळे पुसत भाषणं करतो आणि खाली उतरून पेटीवाल्याला विचारतो, "एस्टीनं जाणार ना?" तमाशातल्या माणसाला गाव हलकं समजतं, पण त्याची सुपारी ठरते आणि उचल आधी हातात पडते. आपण त्याला कलावंत म्हणतो, क्रांतिकारक म्हणतो, आणि रात्री अकराला स्टँडवर सोडतो.

डॉल्बी बंद करा असं मी म्हणणार नाही. पोरं वर्षातनं एकदा नाचतात, नाचू देत. मीही नाचलोय. पण वर्गणीच्या वहीत डॉल्बीच्या खाली एक ओळ आपली पाहिजे.

मी कागद लिहून आणलाय, वाचतो. ढोलकी, पेटी, हलगी, सोंगाड्या, गाणारी बाई, सगळ्यांना सारखं : रात्रीचे एक हजार. कामाची पाळी बुडली तर ती वेगळी. येण्या-जाण्याचा टेम्पो कमिटीचा. निम्मे पैसे ठरवताना, निम्मे रंग पुसायच्या आधी. दहाच्या आत संपवायचं तर कट्टा सातला मोकळा पाहिजे. शाल नको. नारळ तर अजिबात नको.

पहिली सही ज्या कमिटीची होईल, तिचा कागद घेऊन मी उद्याच इचलकरंजीला जाणार आहे. पाळी सुटते सातला. कागद खाली फिरवतोय, पेन आहे ना कुणाकडं?