दगडातून प्राणी सोडवणारे हात



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला निमंत्रण दिले तेव्हा मी पगारवाढीवर किंवा कामगार कायद्यावर बोलेन, अशी त्यांची समजूत होती. मी विषय कळवला : दगडात सापडलेला चिलखती डायनासोर. एक चालक हसून म्हणाले, "आता दगडाचीही युनियन काढता की काय?" मी म्हटले, दगडाची नव्हे, दगड फोडणाऱ्याची. माझी शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा शास्त्रज्ञाच्या अधिकाराने मी बोलत नाही. परंतु या हकिकतीच्या आरंभी एक कामगार आहे आणि मध्यभागीही एक कामगार आहे, आणि कामगारांविषयी बोलण्याचा थोडाफार अधिकार तीस वर्षांनंतर मला आला आहे असे मी मानतो.

कॅनडा देशाच्या अल्बर्टा प्रांतात फोर्ट मॅकमरे नावाचे गाव आहे. त्याच्या उत्तरेस तेलमिश्रित वाळूच्या अवाढव्य उघड्या खाणी आहेत. २१ मार्च २०११ रोजी तेथील मिलेनियम खाणीत शॉन फंक हा यंत्रचालक आपल्या यंत्राने माती उकरत होता. फावड्याला काहीतरी निराळेच कठीण लागले. रंग निराळा, ठेवण निराळी. त्याने यंत्र थांबवले आणि वरिष्ठाला हाक मारली. आपण म्हणाल, यात काय मोठेसे? ज्यांनी पाळीवर काम केले आहे त्यांना विचारा. जिथे दर तासाला किती टन माल निघाला याचा हिशोब होतो, तिथे यंत्र थांबवणे ही लहान गोष्ट नसते. मात्र तिथे नुसत्या भलेपणावर भिस्त नव्हती. जमिनीत सापडणारे जीवाश्म प्रांताच्या मालकीचे, असा अल्बर्टाचा कायदा आहे. त्यामुळे ड्रमहेलर येथील रॉयल टायरेल संग्रहालयाला खबर गेली आणि तिथली माणसे खाणीत येऊन दाखल झाली.

त्यांनी खडकासकट तो प्राणी कापून काढला. सुमारे सात टनांचा तो ठोकळा उचलू लागताच आपल्याच वजनाने भंगला आणि त्याचे तुकडे झाले. हातातोंडाशी आलेला घास गेला असेच त्या क्षणी सर्वांना वाटले असेल. पण मोडलेल्या हाताला डॉक्टर प्लास्टर घालतो, तसे गोणपाट आणि प्लास्टरचे थर त्या तुकड्यांवर चढवून ते प्रयोगशाळेत नेण्यात आले.

आता हा प्राणी एवढा शाबूत कसा राहिला ते पाहू. तो जमिनीवर चरणारा होता. सुमारे अकरा कोटी वर्षांपूर्वी तो मेला आणि त्याचे धूड वाहत समुद्रात गेले. भीमेच्या पुरात फुगलेले जनावर वाहताना आपण पाहिले आहे, तसेच. ते पाठीवर उताणे तळाशी जाऊन चिखलात रुतले, आणि त्याच्याभोवती लोहयुक्त खनिजाचा घट्ट गोळा जमला. म्हणून केवळ हाडेच नव्हेत, तर कातडीवरचे खवले आणि चिलखताच्या ढालीही जागच्या जागी राहिल्या. आपल्या बाजारात बैलांची पारख करणारी मंडळी येथे बसली आहेत. त्यांना ठाऊक आहे की शिंगाच्या आत हाड असते आणि वर शिंगाची खोळ असते. जनावर मेले की खोळ निघून जाते, हाड मागे राहते. या प्राण्याच्या ढालींवरच्या आणि खांद्यावरच्या हातभर काट्यांवरच्या खोळीसुद्धा शिल्लक होत्या! शेपटीकडचा भाग मात्र मिळाला नाही. मुस्कटापासून कमरेपर्यंतचाच प्राणी हाती आला.

पण हे सर्व खडकाच्या आत होते. ते बाहेर कोणी काढले? मार्क मिचेल या तंत्रज्ञाने. त्याचे हत्यार म्हणजे हवेच्या दाबावर चालणारी, लेखणीएवढी टाकी. तिचे टोक इतके भरभर थरथरते की दगड कणाकणाने उडतो. कण उडवायचा, धूळ दूर करायची, निरखायचे, सुटलेली कपची पुन्हा जागेवर चिकटवायची, आणि मग पुढचा कण. अडचण अशी की, भोवतालचा खडक कठीण आणि आतला जीवाश्म त्याहून नरम. हात जरा वाहवला की अकरा कोटी वर्षे टिकलेला खवला निमिषात गेला. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. इथे उलट होते. देव आधीच आत बसलेला आणि टाकीचा एकही घाव त्याला लागता कामा नये!

या कामाला सात हजारांहून अधिक तास लागले. आठ तासांचा दिवस धरा, ८७५ दिवस होतात. प्रत्यक्षात साडेपाच वर्षे गेली. मे २०१७ मध्ये तो प्राणी लोकांना पाहण्यासाठी मांडला गेला. जिवंतपणी त्याची लांबी साडेपाच मीटर आणि वजन सुमारे तेराशे किलो असावे. कातडीतल्या रंगद्रव्याच्या अवशेषांवरून शास्त्रज्ञांनी अनुमान केले की त्याची पाठ तांबूस तपकिरी आणि पोटाची बाजू फिकी होती. म्हणजे एवढे चिलखत असूनही त्याला शत्रूपासून लपावे लागत होते. २०२० साली त्याच्या पोटातले शेवटचे जेवणही प्रसिद्ध झाले. ते बहुतांशी नेचे होते आणि त्यात कोळशाचे कण सापडले. वणवा गेल्यावर फुटलेल्या कोवळ्या पाल्यावर तो चरत असावा. आपल्या गुराख्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

हे काम सावकाश का करावे लागते, याचा दाखला आपल्या देशातच आहे. जबलपूर आणि नागपूर एकाच मध्यप्रांतात होते त्या काळी, १९२३ साली, मॅटली यांनी जबलपूरच्या हाडांवरून 'लॅमेटासॉरस' हा चिलखती डायनासोर जाहीर केला. पण ती हाडे विखुरलेली होती. पुढे शंका निघाल्या आणि अखेर असे ठरले की, हाडे एका मांसाहारी प्राण्याची आणि चिलखताचे तुकडे दुसऱ्याच कोणाचे. कोणते हाड कोणाशेजारी होते हे एकदा हरवले की मोठ्या विद्वानाचीही फसगत होते. मिचेलने जपली ती हीच शेजारशेजारची जागा.

आपल्या पायाखालच्या काळ्या पाषाणात असे प्राणी मिळणार नाहीत. तो ज्वालामुखीचा रस आहे. पण त्याच्या खालच्या थरांत, चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला, डायनासोरांची हाडे आणि दगड झालेले शेणही सापडले आहे. त्या शेणात गवताच्या खुणा असल्याचे २००५ साली भारतीय संशोधकांनी सहकाऱ्यांसह जगाला दाखवले. आणि फार दूर कशाला, आपल्या घोड नदीच्या काठच्या इनामगावाला १९६८ पासून डेक्कन कॉलेजने उत्खनन करून तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे उजेडात आणली. तीही फावड्याने नव्हे, बोटांनी आणि कुंचल्याने.

आता माझ्या मूळ मुद्द्यावर येतो. २०१७ च्या ऑगस्टमध्ये या प्राण्याचे शास्त्रीय नामकरण झाले. पहिले नाव 'बोरिआलोपेल्टा', म्हणजे उत्तरेकडची ढाल. आणि दुसरे नाव 'मार्कमिचेली'. खाणीच्या मालकाचे नाही, मंत्र्याचे नाही, निबंध लिहिणाऱ्या विद्वानांचेही नाही. ज्याने सात हजार तास दगड टिपला त्याचे नाव त्या विद्वानांनी आपण होऊन दिले. जोवर हे शास्त्र आहे तोवर ते नाव पुसले जाणार नाही.

हे वाचले तेव्हा मला एक म्हातारा फिटर आठवला. कारखान्याचे नाव घेत नाही. तीस गळीत हंगाम त्याने काढले होते. रोलरचे बेअरिंग तापू लागले की तो नुसत्या आवाजावरून सांगायचा. नव्या यंत्राचे उद्घाटन झाले, संगमरवरी पाटी बसली, पाटीवर अकरा नावे कोरली गेली. हा मांडवाच्या बाहेर उभा. मी तावातावाने म्हणालो, "आपण यावर अर्ज देऊ." तो म्हणाला, "भाऊ, पाटीवर नाव नसलं तरी चालंल. पण मी जायच्या आत हे ऐकायला शिकंल असा एक पोरगा माझ्या हाताखाली द्या म्हणावं." पोरगा दिला गेला नाही. म्हातारा निवृत्त झाला आणि त्याचे कान त्याच्याबरोबर गेले. माझी चूक मला तेव्हा उमगली. मी नावासाठी भांडत होतो, तो विद्येसाठी भांडत होता. खरे तर दोन्ही मागण्या एकच आहेत. ज्या कामाला नाव नाही ते शिकायला पोरे येत नाहीत, आणि जे कोणी शिकत नाही ते काम मरते.

म्हणून काष्टीकरांना माझे दोनच सांगणे आहे. विहीर खणताना, चारी काढताना, मुरूम उपसताना काही निराळे दिसले तर यंत्र थांबवा. ते घरी नेऊ नका, जागचे हलवू नका. डेक्कन कॉलेजला किंवा भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याला कळवा. आणि ज्याच्या पहारीला ते प्रथम लागले त्याचे नाव त्या दिवशीच कागदावर लिहून ठेवा. तो रोजंदारीचा गडी असेल तर न विसरता लिहा.