घट्ट टायर आणि थोडीशी ढील

दमणगंगेच्या काठी वसलेले सिल्वासा 2 ऑगस्ट 1954 रोजी पोर्तुगीजांच्या सत्तेतून मुक्त झाले. तेव्हाच्या त्या लहानशा गावाभोवती पुढे पिपरिया, मसाट, खडोली अशा औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या आणि पाळीची वेळ हा अनेक घरांच्या दिनक्रमाचा कणा झाला. अशा ठिकाणी ज्याचे कामावर जाणे सायकलीवर अवलंबून आहे, त्याच्या दृष्टीने टायर ही क्षुल्लक वस्तू नव्हे.

एखादा कामगार रात्री घरी येतो तो पंक्चर झालेली सायकल हाताने ढकलीत. दुकाने मिटलेली असतात आणि सकाळची पाळी चुकवून चालणार नसते. तो दिव्याच्या उजेडात ट्यूबला ठिगळ लावतो. तेही उत्तम बसते. टायर चढविताना मात्र शेवटची चार बोटे कड काही केल्या रिमच्या आत जात नाही. तो घामाघूम होतो, चिडतो आणि हाताशी असलेला स्क्रू-ड्रायव्हर खुपसून सगळा जोर लावतो. कड आत जाते खरी. पण पंप मारू लागताच हवा फुसकन निघून जाते. ट्यूब लोखंड आणि रिम यांच्या चिमटीत सापडलेली असते. एक भोक बुजविले आणि दुसरे पाडले! त्याचा परिणाम दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर आणि आठवड्याअखेर मजुरीत दिसतो.

या माणसाच्या अंगी बळ कमी होते काय? मुळीच नाही. त्याने ते चुकीच्या जागी लावले, एवढेच. ही गोष्ट समजण्यासाठी बैलगाडीचे चाक आठवावे. लाकडी चाकावर लोखंडी धाव बसविताना लोहार ती मुद्दाम किंचित लहान करतो, विस्तवात लाल होईपर्यंत तापवितो, तापून फुगलेली धाव चाकावर चढवितो आणि वर पाणी ओततो. धाव आकसते आणि लाकडाला घट्ट आवळून बसते. सायकलीच्या टायरला हा उपाय चालत नाही. टायरच्या दोन्ही कडांत पोलादी तार असते. ती तापविता येत नाही आणि हाताने ओढून ताणलीही जात नाही. मग ताणता न येणारे कडे त्याहून मोठ्या काठावरून आत कसे जावे?

हे कोडे जुने आहे. 1888 साली बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेचा टायर तयार केला, तेव्हा तो चाकाला कापडाने व डिंकासारख्या पदार्थाने चिकटविलेला असे. पंक्चर काढणे म्हणजे तासांचे काम. 1890 साली चार्ल्स किंगस्टन वेल्श या इंग्रजाने त्यावर तोड काढली. त्याने टायरच्या कडांत तार घातली आणि रिमच्या मधोमध खोलगट पन्हळ ठेवली. तार तेवढीच राहते. परंतु एका बाजूला ती पन्हळीत उतरविली की समोरच्या बाजूस तेवढी ढील मिळते. नेहमीच्या 28 इंची सायकलीत तारेचे कडे सुमारे दोन मीटर परिघाचे असते. अर्ध्या परिघात ती तार अवघे 3 मिलिमीटर खोल गेली, तरी सुमारे 9 मिलिमीटर ढील मोकळी होते. त्या कामगाराला हवी होती ती एवढीच!

तेव्हा टायर काढताना प्रथम हवा पूर्णपणे सोडावी आणि व्हॉल्व्हच्या बुडाशी असलेला नट सैल करावा. जुना टायर गंजाने रिमला चिकटलेला असतो. म्हणून दोन्ही बाजूंच्या कडा चाकभर अंगठ्यांनी दाबून पन्हळीत लोटाव्यात. मग व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर लिव्हर घालावा व समोरची कड पन्हळीतच आहे ना, ते पाहावे. लिव्हर उचलत नसेल, तर जोर न वाढविता पुन्हा चाकभर दाबीत यावे. मागच्या चाकाची एकच कड उघडून ट्यूब बाहेर ओढता येते. चाक काढण्याचा खटाटोप त्यामुळे वाचतो.

चढविताना आधी टायरच्या आत बोटे फिरवून बाभळीचा काटा राहिला नाही ना, याची खात्री करावी. एक कड चढवून ट्यूब आत बसवावी. तिच्यात ती गोल राहील इतकीच हवा असावी. दुसरी कड व्हॉल्व्हच्या समोरून सुरू करून दोन्ही हातांनी दोन्ही बाजूंनी व्हॉल्व्हकडे आणावी. व्हॉल्व्हपाशी ट्यूबचा जाड भाग असल्यामुळे तेथे कड पन्हळीत उतरत नाही. म्हणून शेवट तेथेच करावयाचा. अखेरची चार बोटे अडली, की तेथे झगडू नये. उरलीसुरली हवा सोडावी, पुन्हा समोर जावे, कड पन्हळीत दाबावी आणि ढील तळहातांनी ओढीत व्हॉल्व्हपर्यंत आणावी. मग तळहाताच्या टाचेने टायर लोटला, की कड टप्पकन आत जाते. तरीही हटून बसल्यास कडेला साबणाचे पाणी लावावे. तेल मात्र लावू नये, त्याने रबर खराब होते. रिमवरील पट्टी फार जाड असेल तर पन्हळच बुजते, हेही ध्यानात ठेवावे.

नंतर व्हॉल्व्ह एकदा आत दाबून पुन्हा बाहेर ओढावा आणि चाकभर कड बाजूला करून ट्यूब कोठे दबलेली नाही ना, ते पाहावे. थोडी हवा भरून चाक फिरवावे. कडेलगतची रेघ सर्वत्र सारखी दिसली, तरच हवा पूर्ण भरावी.

शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ, असे आपल्याकडे पूर्वापार म्हणतात. परंतु ही युक्ती अंधारात, घाईत आणि रागाच्या भरात सुचत नाही. सायकलीवर ज्याची पाळी अवलंबून आहे, त्याने एखाद्या सुटीच्या दिवशी अंगणात बसून, टायर चांगला असतानाच, तो एकदा काढून पुन्हा चढवून पाहावा. हातांना ती ढील एकदा ओळखीची झाली, की रात्रीच्या पंक्चरने सकाळची हजेरी बुडणार नाही.