दोन भाषांचं एक घर



माझी आई घरात दखनी बोलायची आणि शेजारणींशी मराठी. मी कविता मराठीत लिहिली. तरीही कवितावाचन संपलं की कुणीतरी पाठ थोपटून म्हणतंच, ‘तुमचं मराठी छान आहे हो!’ बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण माझ्याच घरात मी पाहुणा ठरतो. म्हणूनच युक्रेनमधल्या भाषेच्या प्रश्नाकडे मला नुसती परदेशातली बातमी म्हणून पाहता येत नाही.

तिथं युक्रेनी आणि रशियन या भाषा पिढ्यान् पिढ्या शेजारी नांदल्या. २००१च्या जनगणनेत ६७.५ टक्के लोकांनी युक्रेनी, तर २९.६ टक्के लोकांनी रशियन ही मातृभाषा म्हणून नोंदवली. दोहोंची सरमिसळ होऊन झालेल्या बोलीला ‘सुर्झिक’ म्हणतात. हा शब्द मुळात मिश्र धान्याचा!

पण हे शेजारपण बरोबरीचं नव्हतं. १८७६ साली झारच्या फर्मानाने युक्रेनी पुस्तकांच्या छपाईवर बंदी आली. भूदास म्हणून जन्मलेला तारास शेवचेन्को हा युक्रेनचा महाकवी. ज्या कवितेने तो महाकवी झाला ती युक्रेनीत आहे, रोजनिशी मात्र रशियनमध्ये. एकाच माणसाच्या मनात दोन्ही भाषा राहू शकतात, याचा याहून चांगला दाखला कोणता?

१९९६च्या राज्यघटनेने युक्रेनीला राजभाषा केलं आणि रशियनसह इतर अल्पसंख्याकांच्या भाषांच्या मुक्त विकासाची हमी दिली. २०१९मध्ये कडक कायदा आला. दुकानदाराने बोलणं युक्रेनीत सुरू करायचं. गिऱ्हाइकाने म्हटलं तर दुसऱ्या भाषेत बोलायला मुभा. कुणाला हा जुन्या अन्यायावरचा उतारा वाटला, कुणाला सक्ती. मला विचाराल, तर दुखणं दोघांचंही खरं आहे.

२०२२मध्ये रशियाने सर्वंकष आक्रमण केलं, तेव्हा रशियन भाषकांच्या रक्षणाचं कारणही पुढे केलं. पण बॉम्ब पडले ते मारिउपोल आणि खार्किववर. ही तर रशियन बोलणाऱ्यांची मोठी वस्ती असलेली शहरं! तिथले कितीतरी रशियन भाषक युक्रेनसाठी लढायला उभे राहिले. अनेकांनी रशियन बोलणंच सोडलं. आंद्रेय कुर्कोव यांच्यासारखा लेखक कादंबऱ्या रशियनमध्ये लिहितो आणि जगापुढे बाजू युक्रेनची मांडतो.

तात्पर्य, जिभेवरच्या भाषेवरून माणसाची निष्ठा जोखता येत नाही. ज्या मातीत राहतो तिची भाषा मनापासून शिकावी, हा त्या मातीचा मान. आणि आईची भाषा बोलणाऱ्याकडे संशयाने पाहू नये, हा माणसाचा मान. यातला एक मान राखून दुसरा मोडला, तर एकीचं घर उभं राहत नाही.

माझं म्हणाल, तर ‘मराठी छान आहे’ असं म्हणण्याऐवजी कुणी ‘आजची कविता काही जमली नाही’ असं तोंडावर सांगितलं, तरी मी आनंदाने घरी जाईन. घरच्या माणसाशी असंच बोलतात ना?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)